एकच रेणू, दोन अडकित्ते

खर्डा हे नाव इतिहासाच्या पुस्तकात १७९५ च्या लढाईमुळे येते. मराठे आणि निजाम यांच्या फौजा जामखेड तालुक्यातल्या याच परिसरात समोरासमोर आल्या होत्या. त्या काळी तलवारीच्या वारातून किंवा बंदुकीच्या गोळीतून वाचलेला शिपाई आठवड्याभराने जखम चिघळून दगावला, तर कोणाला नवल वाटत नसे. जखम धुण्याचे, लेप लावण्याचे उपाय वैद्याकडे होते. पण रक्तात शिरलेल्या जिवाणूंना गाठून मारील असे औषध तेव्हा जगात कोठेच नव्हते. आज त्याच खर्ड्याच्या पेठेत अमोक्सिसिलिनची एक कॅप्सूल साधारण एका चहाच्या किमतीत मिळते.

ही कॅप्सूल इतकी स्वस्त कशी झाली, याचे उत्तर बऱ्याच अंशी एका प्रथिनात आहे. माणसाने ते जिवाणूकडून घेतले, कारखान्यात कामाला लावले आणि पुढे त्याची घडणच बदलली. हीच कॅप्सूल अनेकदा लागू पडेनाशी का झाली, याचे उत्तरही एका प्रथिनातच आहे. फरक इतकाच, की त्याची घडण माणसाने नाही, जिवाणूंनी बदलली. दोन्हीकडे बदल अगदी लहान असतो. शेकडो मण्यांच्या माळेतला एखाददुसरा मणी. तो कसा बदलतो आणि त्याने काय होते, हे समजून घेणे औषध घेणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचे आहे.

भाकरीच्या घासात काय घडते?

ज्वारीच्या भाकरीचा घास तोंडात घेऊन नुसता चघळत राहिलात, तर थोड्या वेळात तो गोडसर लागू लागतो. भाकरीत साखर नसते. लाळेतले अमायलेज नावाचे विकर पिठातल्या स्टार्चच्या लांब साखळ्या तोडते आणि त्यातून साखर सुटी होते. विकर म्हणजेच एन्झाइम. हे काम प्रयोगशाळेत विकराशिवाय करायचे, तर तीव्र आम्लात पीठ उकळावे लागेल. विकर तेच काम तोंडाच्या उबेत, पाण्यात, काही क्षणांत करते आणि स्वतः खर्ची पडत नाही. एक घास झाला की दुसऱ्याला तयार.

बहुतेक सगळी विकरे ही प्रथिने असतात. अमिनो आम्ले नावाचे वीस प्रकारचे मणी एका ठराविक क्रमाने ओवले की त्यांची माळ होते. ही माळ सरळ राहत नाही, स्वतःभोवती घड्या घालून तिचा गोळा होतो आणि त्या गोळ्यात एक खाच तयार होते. ज्या रेणूवर काम करायचे, तो याच खाचेत येऊन बसतो. प्रत्यक्ष रासायनिक काम करणारे मणी मोजकेच असतात. बाकीचे त्यांना योग्य जागी, योग्य अंतरावर धरून ठेवतात.

घरातला अडकित्ता डोळ्यांसमोर आणा. सुपारी बसायला त्यात जागा असते आणि ती फोडायला पाते असते. त्याच अडकित्त्यात नारळ बसणार नाही. विकराचेही तसेच आहे. अमायलेज स्टार्च तोडते, पण डाळीतल्या प्रथिनाला हात लावत नाही. मात्र खाचेची जागा थोडी रुंद केली किंवा पात्याजवळचा एखादा मणी बदलला, तर त्याच अडकित्त्यात वेगळी वस्तू बसू शकते, किंवा तीच वस्तू वेगळ्या वेगाने फुटू शकते. विकरांच्या घडणीत जाणीवपूर्वक बदल करण्याचे शास्त्र याच एका गोष्टीवर उभे आहे.

चौकट आणि शेपूट

आता पेनिसिलिनकडे येऊ. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये बुरशीतून या औषधाचा माग लागला, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेले असते. पेनिसिलिनच्या रेणूचे ढोबळमानाने दोन भाग मानता येतात. एक, चार अणूंची ताणलेली चौकट असलेला गाभा. दुसरा, त्या गाभ्याला जोडलेले शेपूट.

औषधाची सगळी ताकद चौकटीत आहे. जिवाणू आपल्याभोवती एक भक्कम भिंत बांधत असतो आणि हे बांधकामही एक विकरच करते. पेनिसिलिनची चौकट त्या विकराच्या खाचेत जाऊन अडकते ती कायमचीच. भिंत अर्धवट राहते आणि जिवाणू फुटून मरतो. माणसाच्या पेशींना अशी भिंत नसते, म्हणून ॲलर्जी नसलेल्यांना हे औषध सहसा मानवते.

शेपटाचे काम वेगळे. औषध पोटातल्या आम्लात टिकेल का, कोणत्या जिवाणूंच्या आत शिरू शकेल, हे बऱ्याच अंशी शेपूट ठरवते. बुरशीपासून मिळणारे पेनिसिलिन जी पोटात टिकत नाही, म्हणून ते टोचूनच द्यावे लागते. शिवाय काही मोजक्याच प्रकारच्या जिवाणूंवर ते चालते. मग जुने शेपूट काढून नवे लावता आले तर? इंग्लंडमधल्या बीचम कंपनीच्या संशोधकांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस नुसता गाभा वेगळा केला. त्याला ६-एपीए म्हणतात. या गाभ्याला नवे शेपूट लावून १९६१ मध्ये अँपिसिलिन बाजारात आले आणि १९७०च्या दशकात अमोक्सिसिलिन. तोंडाने घेता येणारे, जास्त प्रकारच्या जिवाणूंवर चालणारे औषध असे हाती आले.

अडचण होती ती जुने शेपूट काढण्याची. चौकट मुळातच ताणलेली, धक्का लागला की फुटणारी. शेपूट तोडायला जावे तर आधी चौकटच तुटते. रसायनशास्त्रज्ञांनी एक वाट काढली. उणे ४० अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलेल्या टाक्या, पाण्याचा अंशही नसलेली द्रावके आणि फॉस्फरस पेंटाक्लोराइडसारखी जहाल रसायने. काम होई, पण वीज, खर्च आणि सांडपाणी तिन्ही भारी.

याच कामासाठी निसर्गात एक अडकित्ता तयार होता. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूच्या काही प्रकारांत पेनिसिलिन ॲसायलेज नावाचे विकर असते. ते नेमके शेपूट कापते आणि चौकटीला धक्का लावत नाही. तेही साध्या पाण्यात, अंगाच्या उबेइतक्या तापमानाला.

पिंपरी आणि पाषाण

या कथेचा मोठा भाग आपल्या पुण्यात घडला आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. देशात पेनिसिलिन बनवण्याचे पर्व तिथून सुरू झाले. त्याच पुण्यात, पाषाणला, १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा म्हणजे एनसीएल उभी होती. तिथल्या जीवरसायन विभागाने पेनिसिलिन ॲसायलेज हा आपल्या अभ्यासाचा विषय केला.

पहिला प्रश्न व्यवहाराचा होता. विकर खर्ची पडत नाही हे खरे, पण पाण्यात विरघळलेले विकर परत मिळवायचे कसे? दर वेळी नवे विकर ओतायचे, तर औषध महाग होणार. यावर उपाय म्हणजे विकर, किंवा ते विकर असलेल्या जिवाणूंच्या पेशी, बारीक रव्याएवढ्या सच्छिद्र कणांमध्ये पक्क्या बसवायच्या. पेनिसिलिनचे द्रावण त्या कणांमधून जाते, शेपूट कापले जाते, गाभा बाहेर येतो आणि विकर जागच्या जागी राहते. मग पुढचा घाणा. असे एकच विकर शेकडो वेळा वापरता येते. ई. कोलायच्या पेशी अशा प्रकारे बांधून ठेवण्याच्या पद्धतींवर एनसीएलमध्ये एच. शिवरामन, अर्चना पुंडले, अस्मिता प्रभुणे आदी संशोधकांनी काम केले. कापलेले शेपूटही वाया जात नाही. फेनिलॲसेटिक आम्ल म्हणून ते वेगळे काढता येते आणि बुरशी वाढवणाऱ्या टाकीत पुन्हा कच्चा माल म्हणून घालता येते.

दुसरा प्रश्न समजून घेण्याचा होता. हा अडकित्ता आतून दिसतो कसा? क्ष-किरणांच्या मदतीने ई. कोलायच्या विकराची रचना इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या गटाने १९९५ मध्ये उलगडली. त्याचे एक भावंड म्हणजे पेनिसिलिन व्ही या वेगळ्या शेपटाच्या औषधावर चालणारे विकर. त्याची रचना १९९९ मध्ये समोर आली. ते काम एनसीएलचे सी. जी. सुरेश, पुंडले, शिवरामन आणि यॉर्कचे संशोधक यांनी मिळून केले होते.

त्यातून एक सुरेख गोष्ट कळली. दोन्ही विकरांचा सांगाडा एकाच घराण्यातला आहे. या घराण्यात माळेचा अगदी पहिला मणी हाच पाते असतो. एकात तो सेरिन आहे, दुसऱ्यात सिस्टीन. ही विकरे तयार होताना आधी एक अखंड माळ बनते, मग ती स्वतःलाच ठराविक जागी कापते आणि तेव्हा कुठे पाते उघडे पडते. पुढे २००६ मध्ये एनसीएलच्याच गटाने दाखवले, की आपल्या आतड्यातल्या बायफिडोबॅक्टेरियम या उपकारक जिवाणूंचे, पित्तातल्या क्षारांवर काम करणारे विकरही पेनिसिलिन व्हीच्या विकराचे चुलत भावंड आहे. सांगाडा तोच आणि पातेही तेच. खाचेच्या आजूबाजूचे मणी बदलले आणि एकाचे काम पेनिसिलिन कापण्याचे झाले, दुसऱ्याचे पित्त फोडण्याचे. म्हणजे घडण बदलून काम बदलण्याचा उद्योग निसर्ग माणसाच्या कितीतरी आधीपासून करत आला आहे.

मणी बदलायचा कसा?

माणसाकडे त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला आराखड्याचा. रचना माहीत असेल, तर कोणता मणी आड येतो हे पाहायचे आणि जनुकात नेमका तेवढाच बदल करायचा. ठरवलेल्या जागी असा बदल करण्याची युक्ती मायकेल स्मिथ यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस शोधली. त्यांना १९९३ मध्ये नोबेल मिळाले.

पेनिसिलिन ॲसायलेजवर ही युक्ती उत्तम चालली. अडकित्त्याची उपमा इथे थोडी अपुरी पडते, कारण विकर जे तोडते तेच योग्य परिस्थितीत जोडूही शकते. मग याच विकराकडून गाभ्याला नवे शेपूट जोडून घ्यायचे आणि अमोक्सिसिलिन किंवा अँपिसिलिन बनवायचे, ही कल्पना होती. अडचण अशी, की विकर एका बाजूने जोडत असे आणि दुसऱ्या बाजूने तयार झालेले औषध पुन्हा कापत असे. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी खाचेजवळचा २४ क्रमांकाचा मणी बदलला. तिथे फेनिलॲलॅनिन नावाचे थोराड अमिनो आम्ल होते, त्याजागी ॲलॅनिन हे लहानसे बसवले. साडेसातशेहून अधिक मण्यांपैकी एक! पण त्याने विकराचा कल फिरला. जोडण्याच्या मानाने कापणे कमी झाले आणि जास्त औषध हाती लागू लागले.

दुसरा मार्ग निवडीचा आहे आणि तो आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. रब्बीची मालदांडी ३५-१ ही ज्वारी कोणी कागदावर आराखडा काढून बनवलेली नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक ज्वारीतून चांगली ताटे निवडत निवडत ती तयार झाली. अमेरिकेतल्या फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी हीच रीत विकरांना लावली. जनुकात आंधळेपणाने, इकडे तिकडे बदल करायचे. त्यातून विकराचे हजारो नमुने तयार करायचे. प्रत्येकाची परीक्षा घ्यायची, सगळ्यांत चांगले ठेवायचे आणि त्यातच पुन्हा बदल करायचे. काही पिढ्यांनी असे विकर हाती येते, की त्यातले बदल कोणत्याही शास्त्रज्ञाला आधी सुचले नसते. अर्नोल्ड यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रथिने तोडणारे एक विकर घेतले होते. ज्या सेंद्रिय द्रावकात ते जवळपास निकामी होत असे, तिथे त्याची क्षमता अशा फेऱ्यांतून २५६ पट झाली. या कामासाठी त्यांना २०१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

मधुमेहाच्या अनेक रुग्णांना सिटाग्लिप्टिन हे नाव ओळखीचे असेल. ते बनवताना मर्क कंपनीला भारी दाबाखालचा हायड्रोजन आणि ऱ्होडियम हा महाग धातू लागत असे. कोडेक्सिस कंपनीबरोबर त्यांनी एक असे विकर घेतले, की ज्याच्या खाचेत हा रेणू मुळात शिरतच नव्हता. आराखडा आणि निवड हे दोन्ही मार्ग वापरून त्यांनी त्यात २७ ठिकाणी बदल केले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामानंतर ऱ्होडियमची गरज संपली आणि टाकाऊ माल १९ टक्क्यांनी घटला. आता तर हवी ती घडण संगणकावर आखून अगदी नवी प्रथिने बनवता येतात. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्याच कामासाठी दिला गेला.

दुसरा अडकित्ता

इथवरची कथा माणसाच्या हुशारीची झाली. पण पेनिसिलिनच्या रेणूवर चालणारा आणखी एक अडकित्ता आहे. तो शेपूट कापत नाही, तो थेट चौकट फोडतो. त्याचे नाव बीटा-लॅक्टमेज. चौकट फुटली की औषध संपले.

हे विकर पेनिसिलिनच्या वापरामुळे जन्माला आले, असे अनेकांना वाटते. तसे नाही. ऑक्सफर्डमध्ये पहिल्या रुग्णावर पेनिसिलिनच्या इंजेक्शनने उपचार झाले फेब्रुवारी १९४१ मध्ये. त्याच्या दोन महिने आधी, डिसेंबर १९४० मध्ये, एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी पेनिसिलिन नष्ट करणारे विकर जिवाणूंत असल्याचे प्रसिद्ध केले होते. बुरशी आणि जिवाणू यांचे मातीतले भांडण फार जुने. हत्यार आणि त्याचा तोड दोन्ही तिथे आधीपासून होते. आपण केले ते इतकेच, की तोड असलेल्या जिवाणूंना वाढायला मोकळे रान दिले.

१९६५ मध्ये ग्रीसमधल्या अथेन्स येथे एका रुग्णाकडून मिळालेल्या ई. कोलायमध्ये या विकराचा एक प्रकार सापडला. त्या रुग्णाच्या नावावरून त्याला टेम-१ म्हणतात. हा अडकित्ता अँपिसिलिन सहज फोडतो. म्हणून शास्त्रज्ञांनी सेफोटॅक्झिमसारखी औषधे आणली. त्यांचे शेपूट इतके अवजड, की टेम-१च्या खाचेत ते नीट बसतच नव्हते. काही वर्षांतच जिवाणूंनी खाच रुंद केली. २६३ मण्यांपैकी एखाददुसरा बदलला आणि नवे औषधही फुटू लागले. आज टेम-१ची दोनशेहून अधिक रूपे नोंदली गेली आहेत.

आता एक विलक्षण योगायोग पाहा. विकरांची निवड करण्याच्या शास्त्रातला एक गाजलेला प्रयोग नेमका याच विकरावर झाला. विलेम स्टेमर यांनी १९९४ मध्ये टेम-१च्या जनुकाचे तुकडे करून ते पुन्हा उलटसुलट जोडले आणि असे जिवाणू सेफोटॅक्झिम घातलेल्या बशीत वाढवले. जे जगले ते उचलले आणि पुढच्या बशीत औषध थोडे वाढवले. अशा काही फेऱ्यांनंतर जिवाणूंची सेफोटॅक्झिम सहन करण्याची क्षमता ३२ हजार पट झाली. २००६ मध्ये अमेरिकेतल्याच दुसऱ्या गटाने दाखवले, की याच जनुकातले पाच बदल एकत्र आले की ही क्षमता लाखभर पट वाढते. हे पाच बदल एकामागून एक घडण्याचे १२० क्रम संभवतात. त्यांपैकी फक्त १८ क्रम असे आहेत, की ज्यांत प्रत्येक पायरीवर जिवाणूचा फायदाच होतो. उरलेल्या वाटांवर कुठेतरी एक पायरी निरुपयोगी किंवा तोट्याची असते आणि निवड तिथेच अडते.

म्हणजे प्रतिकारशक्ती एका उडीत येत नाही, ती पायरीपायरीने येते. प्रत्येक पायरीवर थोडे औषध असावे लागते. सगळ्यांना मारण्याइतके नाही, पण दुबळ्यांना मारून किंचित बदललेल्यांना जगवण्याइतके. स्टेमर यांनी बशीत जे मुद्दाम केले, तेच अपुरा डोस घेणाऱ्याच्या शरीरात आपोआप होते. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. जिथे कोट्यवधी जिवाणू आहेत, तिथे कोणाचा ना कोणाचा एखादा मणी बदललेला असतोच. औषध तो बदल घडवत नाही, औषध चाळणी होते. फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल स्वीकारतानाच्या भाषणात कमी डोसाच्या याच धोक्याचा इशारा दिला होता.

याची किंमत किती? २०१९ या एका वर्षात प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केला. अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेली कार्बापेनेम औषधेही फोडणारे एनडीएम-१ हे विकर भारताच्या राजधानीचे नाव घेऊन जगभर पोचले आहे.

माणूसही गप्प बसलेला नाही. अमोक्सिसिलिनबरोबर दिले जाणारे क्लॅव्हुलॅनिक आम्ल हे दुसऱ्या अडकित्त्याच्या पात्यात अडकवलेली पाचर आहे. ते स्वतः फारसे जिवाणू मारत नाही, ते विकराला अडकवून ठेवते आणि तेवढ्यात अमोक्सिसिलिन आपले काम करते. अशा नव्या जोडऔषधांवर महाराष्ट्रातही काम चालते. छत्रपती संभाजीनगरमध्ये संशोधन केंद्र असलेल्या वोक्हार्टने विकसित केलेले झिडेबॅक्टम हे त्यांतले एक. पण प्रत्येक नव्या पाचरीला तोंड देणारे जिवाणू आज ना उद्या निघतात, हा आजवरचा अनुभव आहे.

कारखाना बंद पडला तर

औषध निकामी होणे हा एक धोका, औषध न मिळणे हा दुसरा. १९९०च्या दशकानंतर चीनमधून पेनिसिलिन जी आणि ६-एपीए इतके स्वस्त येऊ लागले, की देशातले पेनिसिलिनचे उत्पादन टिकू शकले नाही. गाभा बाहेरून आणायचा आणि शेपूट इथे जोडायचे, अशी घडी बसली. करोनाच्या सुरुवातीला पुरवठा अडखळला तेव्हा हे परावलंबन बोचले. २०२० मध्ये केंद्र सरकारने औषधांच्या कच्च्या मालासाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना जाहीर केली. त्यात पेनिसिलिन जीचा समावेश होता आणि आंध्र प्रदेशात काकीनाडाजवळ नवा कारखाना उभा राहिला. बुरशी किती पेनिसिलिन देते आणि विकर किती वेळा वापरता येते, यांवरच असा कारखाना स्पर्धेत टिकेल की नाही हे ठरते. विकराच्या एका मण्याची किंमत इथे रुपयांत मोजली जाते.

गावात याचा अर्थ काय?

जामखेड तालुक्याला आरोग्याच्या बाबतीत मोठी परंपरा आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून इथे गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. वेळेवर ओळखलेला आजार आणि साधे, स्वस्त औषध मिळून किती जीव वाचवतात, हे या तालुक्याने जगाला दाखवले. आज लहान मुलांच्या न्यूमोनियावर अमोक्सिसिलिन हे पहिल्या फळीचे औषध आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या सरकारच्या ‘सांस’ मोहिमेत, न्यूमोनिया झालेल्या बाळाला दवाखान्यात पाठवण्यापूर्वी अमोक्सिसिलिनचा पहिला डोस आशाताईंनी द्यावा, अशी तरतूद केली गेली. हे औषध निकामी झाले तर सर्वांत आधी फटका बसेल तो अशाच बाळांना.

म्हणून काही गोष्टी घरोघरी माहीत असाव्यात.

बाळाला खोकला असेल तर ते शांत असताना पोटाकडे पाहून मिनिटभर श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालच्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास असतील, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर थांबू नये, लगेच दवाखाना गाठावा. न्यूमोकोकल लस सरकारी लसीकरणात मोफत आहे. आजारच टळला तर औषधाची वेळ येत नाही.

साधी सर्दी, फ्लू आणि घसा दुखण्याचे बहुतेक प्रकार विषाणूंमुळे होतात. विषाणूला जिवाणूसारखी भिंत नसते, त्यामुळे अमोक्सिसिलिन तिथे काहीच करत नाही. चाळणी मात्र लागतेच, आणि ती आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंना लागते. त्यांनी कमावलेली जनुके पुढे रोगकारक जिवाणूंकडे जाऊ शकतात.

औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. जितके दिवस आणि जितक्या वेळा सांगितले तितकेच घ्यावे. ताप उतरला म्हणून आपल्या मनाने थांबू नये, तसेच उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी किंवा शेजाऱ्यासाठी ठेवू नयेत. पेनिसिलिनने पूर्वी अंगावर पुरळ उठले असेल किंवा श्वास लागला असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे.

नगर जिल्हा दुधाचा. गाईला कासदाह झाला, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत दगडी झाली, की सडातून याच घराण्यातली औषधे सोडली जातात. त्यानंतर पशुवैद्यकाने सांगितलेले दिवस ते दूध डेअरीला घालू नये आणि घरातही वापरू नये. औषधाचा पुरेसा अंश असलेल्या दुधाला विरजण लागत नाही, कारण दही लावणारे जिवाणूच त्यात मरतात. जे दूध विरजणाला चालत नाही, ते पिणाऱ्याच्या आतड्यातही चाळणी लावत असते.

प्रयोगशाळेत विकराचा योग्य मणी शोधायला अनेक वर्षे जातात. जिवाणूकडे आराखडा नाही, पण संख्या अफाट आहे आणि वेळही भरपूर आहे. त्यांच्या जनुकांत होणारे बदल कोणीच थांबवू शकत नाही. त्या बदलांतून कोण जगेल, हे ठरवणारी चाळणी कधी लावायची, हे मात्र औषध लिहिणारे डॉक्टर, ते विकणारा दुकानदार, गोठा सांभाळणारा शेतकरी आणि गोळी हातात घेतलेला माणूस यांच्या हातात आहे.